अर्ध्यावर अडणारा लॅपटॉप : दोष कोठे आहे हे कसे शोधावे?

विषयाचे प्रयोजन

भामरागड तालुक्यातील हेमलकसा हे गाव इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांच्या संगमाजवळ, घनदाट अरण्यात वसलेले आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. पुढे १९७६ मध्ये डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या देखरेखीखाली माडिया मुलामुलींसाठी आश्रमशाळा सुरू झाली. प्रकल्पाची पहिली कित्येक वर्षे विजेवाचून गेली. त्या काळात कंदिलाची वात नीट करणे एवढीच प्रकाशाच्या साधनाची निगा शिक्षकास ठाऊक असावी लागे.

आता परिस्थिती पालटली आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट येथील लहानशा शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाबरोबर डिजिटल शाळांची कल्पना राज्यभर पसरली. अरण्यातील शाळेतही लॅपटॉप हे शिक्षकाच्या हाताखालचे एक साधन झाले. मात्र साधन आले तरी अंतर कमी झाले नाही. आलापल्लीहून हेमलकसा रस्त्याने सुमारे ६० किलोमीटर आहे. पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग पावसाळ्यात वारंवार येतात. अशा दिवसांत यंत्र बिघडले तर दुरुस्ती करणारा सहज मिळत नाही. म्हणून निदान दोष कोठे आहे एवढे तरी शिक्षकास ओळखता आले पाहिजे.

‘लॅपटॉप सुरूच होत नाही’ ही तक्रार ‘या मुलाला वाचताच येत नाही’ या तक्रारीसारखी आहे. दोन्हींत अडचण सांगितली जाते, दोष सांगितला जात नाही. अनुभवी शिक्षक मुलाविषयी लगेच विचारतो, की त्यास अक्षर ओळखता येत नाही, अक्षरे जोडता येत नाहीत, की शब्द वाचता येतो पण अर्थ कळत नाही? हेमलकसा परिसरात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. माडिया ही गोंडीची शाखा असून ती द्राविडी भाषाकुलातील आहे. घरी माडिया बोलणारे मूल ‘विहीर’ हा मराठी शब्द स्वच्छ वाचील, परंतु त्या शब्दाने काय दाखविले जाते हे त्यास उमगणार नाही. त्याच्याकडून पुन्हा बाराखडी गिरवून घेणे व्यर्थ होय. ते कोणत्या पायरीवर अडले आहे हे कळल्यावरच उपाय सुचतो. लॅपटॉपच्या बाबतीतही हाच मार्ग धरावा लागतो.

यंत्र जागे होण्याचा क्रम

लॅपटॉप सुरू होण्याच्या क्रियेस ‘बूट होणे’ म्हणतात. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलावे, अशा एका इंग्रजी वाक्प्रचारावरून हा शब्द रूढ झाला. त्यामागील अडचण खरी आहे. संगणकास कोणतेही काम करण्यास आज्ञावली लागते. पण ती आज्ञावली डिस्कवरून उचलण्यासाठीही एक आज्ञावली लागते. ही अडचण सोडविण्यासाठी एक छोटी आज्ञावली यंत्रातील चिपमध्ये कायमची साठविलेली असते. तिला जुन्या यंत्रांत ‘बायोस’ व नव्या यंत्रांत ‘यूईएफआय’ म्हणतात. व्यवहारात दोहोंनाही बायोस म्हणण्याची रीत आहे.

शाळा भरण्याच्या क्रमाशी तुलना केल्यास हे सहज ध्यानात येईल. प्रथम दार उघडले जाते. नंतर फळा, खडू, बसकरपट्ट्या जागेवर आहेत की नाहीत हे पाहिले जाते. मग कपाटातून हजेरीपट शोधून काढला जातो. त्यानंतर मुले आपापल्या वर्गात बसतात आणि अखेर अध्यापन सुरू होते. लॅपटॉपच्याही अशाच पाच पायऱ्या आहेत :

१. वीज मिळणे : दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो.
२. स्वतपासणी : बायोस हे रॅम, कळफलक, पडदा इत्यादी अवयव तपासते, पडद्यावर कंपनीचे चिन्ह दिसते.
३. डिस्कचा शोध : ऑपरेटिंग सिस्टम कोठे ठेवली आहे ते बायोस शोधते.
४. ऑपरेटिंग सिस्टम चढणे : विंडोज असल्यास ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागते.
५. प्रवेश : संकेतशब्द घेतला जातो व नेहमीचा डेस्कटॉप उमटतो.

जी पायरी पूर्ण झाली तिच्या आधीच्या पायऱ्या निर्दोष आहेत, असे सामान्यतः समजण्यास हरकत नाही. ठिपके फिरत असतील तर चार्जर, पडदा व रॅम यांवर संशय घेण्यात वेळ दवडू नये.

हात लावण्यापूर्वी

यंत्र अडले म्हणजे चालू-बंद करण्याची कळ पुन्हा पुन्हा दाबण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. डिस्कवर लेखन चालू असताना वीज तोडली गेली तर मूळचा लहान दोष मोठा होतो. शिक्षकाने प्रथम एका वहीत पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात : यंत्र कोणत्या पायरीवर थांबले, पडद्यावर कोणते शब्द व क्रमांक आले, दिवा किती वेळा लुकलुकला किंवा टिक-टिक, बीप असा आवाज किती वेळा झाला, आणि आदल्या वेळी यंत्र वापरताना काय घडले होते. पडद्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेतल्यास उत्तम. आदल्या दिवशी वीज अकस्मात गेली होती, नवा प्रिंटर जोडला होता, की अद्ययावतीकरण चालू होते, या एका माहितीनेही निम्मा शोध पूर्ण होतो.

साधी हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपला सुरू होण्यास दोन-तीन मिनिटे लागणे हा दोष नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

पायरीनुसार तपासणी

*पहिली पायरी : वीज.* दिवाच लागत नसेल तर चार्जर दुसऱ्या सॉकेटला लावून पाहावा. बहुतेक चार्जरांवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. विजेचा दाब याखाली गेल्यास चार्जर काम करीलच असे नाही. बॅटरी पूर्ण उतरलेली असल्यास चार्जर लावून २० ते ३० मिनिटे थांबावे. तरीही यंत्र मुके राहिले तर चार्जर काढावा, बॅटरी सुटी होणारी असल्यास तीही काढावी, आणि चालू करण्याची कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी. यामुळे यंत्रात उरलेला विद्युत्भार निघून जातो. नंतर केवळ चार्जर जोडून पुन्हा प्रयत्न करावा.

*दुसरी पायरी : स्वतपासणी.* दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो, अशा वेळी शाळेतील प्रोजेक्टर उपयोगी पडतो. तो जोडल्यावर भिंतीवर चित्र उमटले तर यंत्र सुरू होत आहे. दोष केवळ पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत आहे. भिंतही कोरीच राहिली आणि ठराविक संख्येने बीप ऐकू आले किंवा दिवा लुकलुकला, तर बायोस आपल्या परीने दोष सांगत असते. या खुणांचा अर्थ प्रत्येक कंपनीत निराळा असतो. म्हणून संख्या नोंदवून दुरुस्ती करणाऱ्यास कळवावी. पावसाळ्यात रॅमच्या पट्टीच्या कडेवर ओल व मळ बसल्याने हा दोष पुष्कळदा होतो. जाणकार व्यक्ती ती पट्टी काढून, कडा खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवितात. हे काम वीज व बॅटरी पूर्ण तोडल्यावर, धातूच्या वस्तूस हात लावून अंगावरील स्थिरविद्युत् घालविल्यावरच करावे. ज्यास त्याची माहिती नाही त्याने यंत्र उघडू नये.

*तिसरी पायरी : डिस्कचा शोध.* कंपनीचे चिन्ह दिसते आणि मग ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टम सापडली नाही’ अशा आशयाचा इंग्रजी संदेश येतो. प्रथम लॅपटॉपला एखादा पेन ड्राइव्ह लावून राहिला आहे काय ते पाहावे. यंत्र त्यातच ऑपरेटिंग सिस्टम शोधत बसते, आणि तो काढताच सुरळीत चालते. तसे नसेल तर यंत्र चालू करताच कंपनीने ठरविलेली कळ (बहुधा एफ-२, एफ-१०, एस्केप किंवा डिलीट) वारंवार दाबून बायोसमध्ये जावे व डिस्कचे नाव यादीत आहे काय ते पाहावे. नाव असल्यास डिस्क जिवंत आहे. शोधण्याचा क्रम मात्र बदलला असावा. येथे दिनांकही पाहावा. दिनांक कित्येक वर्षे मागचा दिसत असेल तर यंत्रातील नाण्याएवढी लहान बॅटरी संपली असण्याचा संभव असतो. ती संपली की काही यंत्रांत ठरवून ठेवलेल्या मांडण्या पुसल्या जातात व यंत्र आपली डिस्कच ओळखीनासे होते. यादीत डिस्कचे नावच नसेल तर तिची जोडणी सुटली आहे किंवा डिस्क निकामी झाली आहे, असे समजावे.

*चौथी पायरी : ऑपरेटिंग सिस्टम.* यंत्र अर्ध्यावर अडण्याची तक्रार बहुधा याच पायरीवर येते, म्हणून हिचा विचार अधिक सावकाश केला पाहिजे. ठिपके फिरत राहतात, पण पुढे काही घडत नाही. प्रथम पडद्यावर अद्ययावतीकरणाची टक्केवारी दिसते काय ते पाहावे. दिसत असेल तर यंत्र अडलेले नाही, कामात आहे. जुन्या हार्ड डिस्कवर या कामास तास-दीड तासही लागू शकतो. तोवर वीज तोडू नये. टक्केवारी नसेल तर डिस्कचा दिवा पाहावा. तो अधूनमधून लुकलुकत असेल तर आणखी थांबावे. दीर्घकाळ काहीच हालचाल नसेल तरच चालू करण्याची कळ सुमारे १० सेकंद दाबून यंत्र बंद करावे.

नंतर प्रिंटर, प्रोजेक्टर, माउस, पेन ड्राइव्ह, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र अशी जोडलेली सर्व साधने काढून पुन्हा सुरू करावे. एखाद्या सदोष साधनाची वाट पाहत विंडोज थांबून राहते, हे कारण शाळांतून आढळण्यासारखे आहे. एवढ्यानेही काम झाले नाही तर विंडोज १० व ११ मध्ये एक सोय आहे. लागोपाठ काही वेळा सुरू होणे अपुरे राहिले की यंत्र आपण होऊन दुरुस्तीचा निळा पडदा दाखविते. त्यातील उपाय पुढील क्रमाने करावेत : (अ) ‘स्टार्टअप रिपेअर’, (आ) नुकतेच बसविलेले अद्ययावतीकरण काढून टाकणे, (इ) ‘सिस्टम रिस्टोअर’, म्हणजे आधीच्या चांगल्या स्थितीकडे परतणे, (ई) ‘सेफ मोड’. सेफ मोडमध्ये विंडोज अत्यावश्यक तेवढीच साधने घेऊन सुरू होते. त्यात यंत्र चालले तर दोष एखाद्या नव्या आज्ञावलीत किंवा साधनाच्या ड्रायव्हरमध्ये आहे. ती आज्ञावली काढून टाकावी. डिस्क काठोकाठ भरली असेल तर अनावश्यक चित्रफिती हलवून जागा मोकळी करावी.

त्याच निळ्या पडद्यावर ‘रिसेट’ हाही पर्याय असतो. तो मोहात पाडणारा असला तरी सर्वांत शेवटचा मानावा. त्यातील एका निवडीने शिक्षकाच्या सर्व फायली पुसल्या जातात. दुसऱ्या निवडीने फायली राहिल्या तरी बसविलेल्या आज्ञावल्या जातात. काही यंत्रे या वेळी ‘बिटलॉकर’ नावाच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली मागतात. यंत्र चांगले असतानाच ती किल्ली कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलेली असावी.

*पाचवी पायरी : प्रवेश.* संकेतशब्द स्वीकारला जातो, पण पुढे काळ्या पडद्यावर केवळ बाण फिरतो. येथे ऑपरेटिंग सिस्टम चढलेली असते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. प्रोजेक्टर वापरून झाल्यावर कधी कधी चित्र दुसऱ्या पडद्याकडेच जात राहते. विंडोजची कळ व ‘पी’ एकत्र दाबून चित्र लॅपटॉपच्या पडद्यावर आणता येते. तसे नसल्यास कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा आणि यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या अनावश्यक आज्ञावल्या बंद कराव्यात.

दुरुस्तीपूर्वी नोंदींचे रक्षण

लॅपटॉप पुन्हा विकत मिळू शकतो. त्यातील काही गोष्टी मात्र मिळत नाहीत. शासनाच्या संकेतस्थळांवर भरलेली माहिती तेथेच सुरक्षित असते. परंतु शिक्षकाने दोन वर्षे खपून केलेली माडिया-मराठी शब्दांची यादी, एखाद्या आजीने सांगितलेल्या गोष्टीचे ध्वनिमुद्रण, मुलांनी काढलेल्या चित्रांची छायाचित्रे, प्रत्येक मुलाच्या वाचनप्रगतीची टिपणे ही बहुधा त्या एकाच डिस्कवर असतात. गोष्ट सांगणारी आजी पुढील वर्षी असेलच असे नाही. दुरुस्ती करणारा ‘सर्व पुसून नवे विंडोज टाकतो’ असे सांगतो, तेव्हा तो यंत्राचा विचार करीत असतो. नोंदींचा विचार शिक्षकासच करावा लागतो. म्हणून यंत्र दुरुस्तीस देताना ‘आधी फायली काढाव्यात, नंतर दुरुस्ती करावी’ असे स्पष्ट लिहून द्यावे.

विंडोज सुरू होत नसले तरी डिस्क चांगली असू शकते. अशा वेळी पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम कामी येते. ती डिस्कवर न बसविताच यंत्र सुरू करते आणि आतील फायली दाखविते. त्यांच्या नकला दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. मूळ डिस्कवर नवे काही लिहू नये. लिनक्स विनामूल्य मिळते. सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘बॉस’ हीही लिनक्सच आहे. असा एक पेन ड्राइव्ह केंद्रशाळेत तयार ठेवल्यास आसपासच्या सर्व शाळांस त्याचा लाभ होईल. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास मात्र येथेही तीच ४८ अंकी किल्ली लागेल.

हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा नियमित आवाज येत असेल तर कोणताही प्रयोग न करता यंत्र त्वरित बंद करावे. त्या डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात. बिघडलेली डिस्क चालू ठेवल्यास तिच्यावरील मजकूर कायमचा नष्ट होण्याची भीती असते. नव्या एसएसडी डिस्कमध्ये फिरणारा भाग नसतो. ती धक्के अधिक सोसते, परंतु बिघडताना आवाजाची पूर्वसूचनाही देत नाही. दोहोंवरही दुसरी नकल ठेवणे हाच खरा उपाय होय.

पावसाळ्यापूर्वीची दक्षता

लॅपटॉपची बॅटरी सुस्थितीत असली म्हणजे वीज गेली तरी यंत्र चालू राहते. बॅटरी मेलेली असली म्हणजे वीज जाताच यंत्रही बंद पडते आणि लिहिला जात असलेला मजकूर अर्धवट राहतो. जेथे वीज वारंवार खंडित होते तेथे चौथ्या पायरीवरील दोषांचे हे एक प्रमुख कारण ठरते. म्हणून मेलेली बॅटरी बदलणे हा अनावश्यक खर्च समजू नये, आणि अद्ययावतीकरण वीज स्थिर असलेल्या वेळीच करावे.

दीर्घ सुटीत यंत्र ठेवताना बॅटरी सुमारे निम्मी भरलेली असावी. कपाटात ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी यंत्र तासभर चालवावे. ओल लागलेले यंत्र चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये; कोरड्या खोलीत उघडे ठेवून पूर्ण वाळल्यावरच चालू करावे. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यावर चालणारे जुने लॅपटॉप टाकून न देता त्यांवर लिनक्स बसविण्याचा विचार करता येईल.

मे महिन्याच्या अखेरीस, रस्ते खुले असतानाच, सर्व नोंदींच्या दोन नकला घ्याव्यात : एक शाळेत व एक शाळेबाहेर, म्हणजे केंद्रशाळेत किंवा तालुक्याच्या ठिकाणी. दोन्ही नकला एकाच कपाटात असतील तर पुराच्या पाण्यापुढे त्या एकच समजाव्यात.

वर्गात उपयोग (इयत्ता ५ वी ते ७ वी)

हा विषय केवळ शिक्षकांपुरता ठेवण्याचे कारण नाही. मुलांना ‘शाळा भरण्याचा क्रम’ प्रथम सांगावयास लावावा. नंतर ‘आज शिकविणे सुरू झाले नाही, का बरे?’ असा प्रश्न विचारून कोणती पायरी चुकली असेल ते शोधून घ्यावे. तदनंतर लॅपटॉप प्रत्यक्ष सुरू करून पाचही पायऱ्या मुलांना पाहू द्याव्यात व त्यांची चित्रे काढून घ्यावीत. पायऱ्यांची नावे मुलांनी आधी माडियात सांगावीत व मग मराठीत लिहावीत. सायकल, हातपंप, सौरदिवा यांच्या बिघाडांवरही हाच अभ्यास होऊ शकतो. ज्या मुलाच्या घरी हातपंप दुरुस्त करणारी व्यक्ती असेल त्या मुलास या पाठात पुढे येऊन बोलण्याची संधी द्यावी.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या शाळेतील लॅपटॉप मागील वेळी अडला तो कोणत्या पायरीवर? त्या वेळी कोणती नोंद ठेवली होती?
२. ठिपके फिरत असताना रॅमवर संशय घेणे बहुधा अयोग्य का?
३. शाळेच्या लॅपटॉपवरील कोणत्या पाच गोष्टी पुन्हा मिळविता येणार नाहीत? त्यांची यादी करून प्रत्येकीची दुसरी नकल कोठे आहे ते समोर लिहावे.
४. वर्गातील एका मागे पडलेल्या मुलाचे वाचन ऐकून, ते नेमके कोणत्या पायरीवर अडते याचे टिपण याच पद्धतीने करावे व पुढील परिषदेत सादर करावे.